ब्रेकव्हॅन आणि पायमशीन

मामांचं म्हणणं, कामाला जागा लागत नाही, पेटी लागते. माझं म्हणणं, पेटी उघडायला तरी जागा लागतेच की. 2020 च्या एप्रिलमध्ये सुरू झालेला हा वाद आमच्या घरात लोणच्यासारखा मुरला. आता त्याच्याशिवाय जेवण पूर्ण होत नाही.

मामा म्हणजे माझे सासरे. आमच्याकडे सासऱ्यांना मामा आणि सासूला आत्याच म्हणतात. लोणंदला स्टेशनच्या अंगाला दोन खोल्या, पुढं पत्र्याची पडवी, असं आमचं घर. बाहेरची खोली 10 बाय 12. तिच्यात दिवाण, कपाट, टीव्ही, लेकीचं दप्तर, शिवाय हंगामात कांदा. लोणंदला राहायचं आणि घरात कांदा नाही असं होत नाही. खाण्यापुरता म्हणून येतो आणि दोन पोती होतो. लॉकडाऊन लागला तेव्हा आम्ही पुण्यातली भाड्याची खोली सोडून दोन बॅगा आणि एक लॅपटॉप घेऊन इथं आलो. ह्यांना पुढं शिरवळच्या कारखान्यात नोकरी लागली, पाळीची. माझी मात्र पुण्याचीच राहिली. एका कर सल्लागाराकडची जीएसटीची विवरणपत्रं मी इथं बसून भरते. महिन्याची 11 आणि 20 या माझ्या एकादश्या. त्या दिवशी खायलासुद्धा सुचत नाही.

मामा मालगाडीचे गार्ड होते. 2022 च्या जानेवारीत रेल्वेनं गार्डचं नाव बदलून ‘ट्रेन मॅनेजर’ केलं, ते त्यांना मुळीच रुचलेलं नाही. “मॅनेजर केबिनमध्ये बसतो,” म्हणतात. “मी डब्यात बसायचो. तोही शेवटच्या.”

त्या शेवटच्या डब्यावरच त्यांचा सगळा युक्तिवाद उभा आहे.

“ब्रेकव्हॅन बघितलीयस का आतून? एक बाकडं, एक हातब्रेक, संपलं. पंखा नाही, दिवा नाही. गाडी अशी हिसके देते की चहा कपात राहत नाही. तिथं बसून मी टॉर्चच्या उजेडात रिपोर्ट लिहिलेत. सेकंदाचा हिशेब न्हवं, पण मिनिटाचा तरी. कुठलं टेबल आणि कुठली खुर्ची?”

“मग लिहायचात कशावर?”

“पेटीवर. लाईन बॉक्स म्हणायचे तिला. पत्र्याची, वर पांढऱ्या रंगात नाव. हिरवा झेंडा, लाल झेंडे, हातदिवा, फटाके, मलमपट्टीचा डबा, नियमांचं पुस्तक, सगळं आत. ती पेटी ज्या गाडीवर चढली ती गाडी माझी. ऑफिस असं असतं, पोरी. उचललं की चाललं.”

“उचलायचं कोण, मामा?”

“उचलायला बॉक्सबॉय असायचा की.”

“तेच म्हणते मी.”

पहिल्या फेरीत मला एवढाच एक गुण मिळाला. कारण पेटीची कल्पना वाईट नव्हती, हे मला मनातून पटलेलं होतं. आत्यांची एक जुनी ट्रंक रिकामी करून मी तिच्यात लॅपटॉप, चार्जर, माऊस, वही, कानात घालायचं यंत्र, गिऱ्हाइकांच्या फायली असं सगळं बसवलं. सकाळी दिवाणावर उघडायची, संध्याकाळी मिटायची. वस्तू शोधण्यात जाणारा वेळ खरोखर वाचला. छोट्या घरात काम करणाऱ्या कुणालाही मी आधी हेच सांगेन की टेबल घेण्याआधी पेटी करा. टेबल नसलं तर पाठ दुखते, पण पेटी नसली तर भांडणं होतात. चार्जर कुणी काढला यावरून आमच्याकडं जेवढं वाजलंय तेवढं जमिनीवरून वाजलं नाही.

पण पाठही दुखलीच. दिवाणावर मांडी घालून, उशीवर लॅपटॉप ठेवून आठ तास. सहा महिन्यांत मान वळेना. मग हळूहळू शहाणपण आलं. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत हवी, म्हणून लॅपटॉप पिठाच्या दोन डब्यांवर चढवला आणि टाइप करायला वेगळा कीबोर्ड आणला. खिडकीकडे पाठ करून बसले तर पडद्यावर चकाकी आणि मीटिंगमध्ये माझी नुसती काळी आकृती. खिडकीकडे तोंड केलं तर डोळे दिपायचे. शेवटी खिडकी डाव्या हाताला घेतली तेव्हा प्रश्न मिटला. डोळ्यांसाठी म्हणतात की दर 20 मिनिटांनी 20 फूट लांबच्या वस्तूकडे 20 सेकंद बघावं. आमच्या घरात 20 फूट नाहीतच. खोलीचा कर्ण काढला तरी साडेपंधरा भरतो. म्हणून मी खिडकीतून रुळांकडे बघते. मामांना वाटतं, सुनेला गाड्यांची आवड लागली.

दुसरी फेरी वेळेवरून झाली. माझा मुद्दा होता की जागा ठरलेली हवी. मामांचा, की वेळ ठरलेली असली की जागा आपोआप होते.

“माझे चुलते गिरणीत होते, परळला. आपल्या साताऱ्याकडची किती माणसं होती तिथं! एका खोलीत दहा-बाराजण. रात्रपाळीचा उठून गेला की दिवसपाळीचा त्याच वळकटीवर टेकायचा. खोली एक, पण तीन पाळ्यांनी तिची तिप्पट केली होती.”

“आणि चुलती कुठं होत्या तुमच्या?”

“त्या गावाला.”

“बघा म्हणजे. खोली तिप्पट झाली ती बायकापोरं गावाला ठेवून. इथं सगळेच घरात आहेत. हे रात्रपाळी करून दिवसा आतल्या खोलीत झोपतात, लेक दुपारी शाळेतून येते, तुम्हाला चारच्या बातम्या लागतात.”

मामा जरा थांबले. मग त्यांनी ठेवणीतलं काढलं, टोकन.

तरुण वाचकांसाठी सांगायला हवं. जिथं एकच रूळ असतो तिथं समोरासमोर दोन गाड्या येऊ नयेत म्हणून पूर्वी दोन्ही स्टेशनांवर यंत्रं असायची, एकमेकांशी जोडलेली. त्यांतून एक लोखंडी गोळा निघायचा. एक बाहेर आला की तो परत यंत्रात जाईपर्यंत दुसरा निघायचाच नाही. तो गोळा चामड्याच्या पिशवीत घालून, पिशवी वेताच्या मोठ्या कड्याला अडकवून ड्रायव्हरच्या हातात द्यायची. गोळा हातात नाही तर गाडी पुढच्या टप्प्यात जायची नाही, मग ती कुणाची का असेना. न थांबणाऱ्या गाडीचा माणूस ते कडं धावत्या इंजिनातून हात काढून उचलायचा. मामा हे सांगताना उजवा हात कोपरापासून असा काही वळवतात की अजून कडं अडकेल.

“घर म्हणजे सिंगल लाईन आहे,” ते म्हणाले. “रूळ वाढवायला पैसा नाही. टोकन कर. ज्याच्या हातात टोकन त्याची खोली. बाकीच्यांनी आऊटरला थांबायचं.”

कल्पना मला इतकी आवडली की मी त्याच संध्याकाळी बाजारातून एक मोठी लाकडी बांगडी आणली. दाराच्या खिळ्याला बांगडी असली की खोली मोकळी. माझ्या हातात असली की कुणी आत बोलायचं नाही. लेक पहिले आठ दिवस अगदी शिस्तीत पडवीत उभी राहायची आणि ओरडून सांगायची, “मम्मी, मी आऊटरला आहे!” मीटिंगमधल्या चौदा जणांना ते ऐकू जायचं.

टोकन दीड महिना चाललं. का बंद पडलं ते मी नीट पाहत होते. गॅसचा सिलिंडर आला, मला हाक. कुणी पाहुणा टेकला, चहाला मला हाक. ह्यांना डबा, लेकीला पट्टी, पडवीत मांजर. बांगडी माझ्या हातातच असायची, आणि सगळ्यांना ती दिसतही असायची. पण माझं काम हे ‘जरा उठ गं’ म्हणण्याजोगं काम होतं. ह्यांना शिरवळला कारखान्यात फोन करून ‘जरा कांद्याची पोती सरकवायला या’ असं कुणी म्हणालं नसतं.

“मामा, टोकनात खोट नाही,” मी म्हणाले. “पण मालगाडीला मुळात टोकन देतं कोण? मेल येतेय म्हटलं की मालगाडी लूपला. पॅसेंजर येतेय, लूपला. तुम्हाला हे मी सांगायचं का? अर्धा जन्म तुम्ही साईडला उभे राहून काढलात.”

मामा काहीच बोलले नाहीत. त्यांनी सुपारी कातरायला घेतली. कातरून झाल्यावर म्हणाले, “एकदा सात तास उभा होतो. सात. पाणी संपलेलं.” आणि थोड्या वेळानं, माझ्याकडे न बघता: “आणि रेल्वेला पैसा मिळवून देते ती मालगाडीच.”

त्या दिवशी वाद तिथंच थांबला, पण सुटला नाही. मामांचा स्वभाव असा की हरलेला मुद्दा ते दुसऱ्या दारानं आत आणतात. पुढच्या आठवड्यात पापडाचा विषय निघाला.

“लिज्जतवाल्या बायका बघ. सात बायकांनी 1959 साली गिरगावात गच्चीवर सुरू केलं, ऐंशी रुपये उसने घेऊन. आजही पीठ घरी न्यायचं, घरी लाटायचं, लाटलेले पापड परत नेऊन द्यायचे. पोळपाट-लाटणं एवढं ऑफिस. त्यांनी कुठं केबिन मागितली?”

हे उदाहरण मला गप्प करायला काढलं होतं, पण मला ते फार उपयोगी पडलं.

“मामा, घरात पापड लाटणं चालू असलं की काय होतं? सगळं घर वळसा घालून चालतं. पंखा बंद करतात. पोरांना बाहेर काढतात. वाळत घातलेल्या पापडावरून कुणी उडी मारत नाही. का? तर ते दिसतात. मी दिवसभरात पंधरा विवरणपत्रं भरली तरी संध्याकाळी खोलीत दाखवायला काही नसतं. लॅपटॉप मिटला की झालं. आणि तुमच्या पेटीनं तर त्याची उरलीसुरली खूणही पुसली. माझं काम घरात रोज सकाळी नव्यानं पाहुणं म्हणून येतं.”

स्वयंपाकघरातून फोडणीचा आवाज येत होता. तो निवला आणि आत्या बोलल्या. त्या या वादात पहिल्यांदाच बोलल्या असतील.

“माझी मशीन लोखंडाची होती म्हणून बरं.”

एवढंच. पण ते समजायला आम्हा दोघांनाही थोडा वेळ लागला.

आत्यांनी या घरात बावीस वर्षं ब्लाऊज शिवले. पायमशीन, ओतीव लोखंडाच्या पायांची. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी आली आणि बाहेरच्या खोलीत खिडकीखाली बसली, ती बसलीच. दिवाण नंतर आला तो तिच्या बाजूनं. टीव्ही आला तोही तिच्यासाठी कोपरा सोडून. पाहुणे आले, बारशी झाली, नणंदेचं लग्न झालं. मशीन हलवायची तर दोन पुरुष लागायचे, म्हणून कुणी हलवली नाही. मशीन हलत नाही म्हटल्यावर तिच्यापुढं बसलेल्या बाईलाही कुणी फारसं हलवलं नाही. “दिवाळीच्या आधी पंधरा दिवस हे स्वतः चहा करून घ्यायचे,” आत्या म्हणाल्या. “मशीनचा आवाज चालू असला की हाक मारायचे नाहीत. थांबला की मारायचे. मग मी काम नसलं तरी पाय हलवत राहायचे.”

मामा म्हणाले, “असं व्हय!” चाळीस वर्षांनी कळल्यासारखं.

इंग्लंडातल्या जेन ऑस्टेनची एक गोष्ट तिच्या पुतण्यानं लिहून ठेवली आहे, ती मी तेव्हा त्यांना सांगितली. चॉटन नावाच्या खेड्यात ती राहायची. स्वतंत्र खोली नाही. घरच्यांच्या बैठकीत, एका चिमुकल्या टेबलावर, छोट्या कागदांवर ती कादंबऱ्या लिहायची. ते टेबल अजून त्या घरात ठेवलंय, अक्रोडाच्या लाकडाचं, बारा कोनी, जेमतेम परातीएवढं. खोलीचं एक दार उघडताना करकरायचं. ते दुरुस्त करू नका म्हणाली, कारण करकर ऐकली की कुणी आत येण्याआधी तिला कागद लपवायला वेळ मिळायचा.

“म्हणजे डिस्टंट सिग्नलच की तिचा!” मामा एकदम खूश झाले. पुढं होम सिग्नल कसा आहे हे ड्रायव्हरला आधीच सांगतो तो डिस्टंट. मग त्यांचा चेहरा उतरला. “पण लपवायला? चांगलं काम करत होती ना?”

“आत्यांनी आवाज केला, तिनं लपवलं,” मी म्हणाले. “दोघींना दाराकडं कान ठेवूनच काम करावं लागलं.”

मला वाटतं, कमी जागेतल्या कामाविषयी जे लेख छापून येतात त्यांत हेच नेमकं सुटतं. घडीचं टेबल, भिंतीतल्या फळ्या, पलंगाखालचे कप्पे. सगळी अक्कल वस्तू लहान आणि हलकी कशी करावी यात खर्च होते. 1926 साली जर्मनीतल्या फ्रँकफुर्टमध्ये मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या वास्तुकार बाईंनी कामगारांच्या घरांसाठी 1.9 बाय 3.4 मीटरचं स्वयंपाकघर आखलं. नमुना घेतला होता रेल्वेच्या जेवणाच्या डब्यातल्या स्वयंपाकघराचा. एकेका कामाला किती पावलं पडतात ते मोजून ओटा, फळ्या, डबे बसवले, आणि तशी सुमारे दहा हजार घरं उठली. मामांना हे सांगितलं तेव्हा ‘पॅन्ट्री कारवरून!’ म्हणून ते दोन दिवस भेटेल त्याला सांगत होते. त्या स्वयंपाकघरात दुसरं माणूस मावत नाही, म्हणून आतली बाई एकटी पडते, अशी टीका पुढं झाली, तीही खरीच. पण मला त्यातली दुसरी गोष्ट मोलाची वाटते. त्या ओट्याला घडी नव्हती. इथं काम चालतं, हे भिंतीला ठाऊक होतं.

सुताराकडे मी घडीच्या टेबलाचं सांगून आले होते. अडीच फूट बाय दीड फूट, भिंतीला बिजागरी, वापरून झालं की खाली पाडायचं. ते रद्द केलं. आत्यांची मशीन पडवीत ताडपत्रीखाली होती. वरचं यंत्र केव्हाच गंजून गेलेलं, पाय मात्र धड. 19 एमएमच्या प्लायचा तुकडा, कडेला लाकडी पट्टी, वर पांढरा सनमायका. सुतारानं तो चार स्क्रूंनी लोखंडी पायांवर बसवला. मशीनच्या पायांवर पाटी टेबलापेक्षा बोटभर उंच बसली, म्हणून खुर्चीवर एक पाट टाकला. दोघांनी उचलून ते सगळं खिडकीखाली ठेवलं. त्यासाठी दिवाण सरकवावा लागला आणि कांद्याची पोती पडवीत गेली. दीड फूट रुंदी कमी पडेल असं वाटलं होतं, पण पडद्यापासून हातभर अंतर राहतं तेवढं पुरतं. खालचा पायटा मी काढू दिला नाही. विचार करताना पाय हलतो.

“आता पाहुणे आले की?” मामांनी विचारलं. हा त्यांचा शेवटचा बालेकिल्ला होता. “पेटी उचलता येते. हे कुठं न्यायचं? वारीत काय करणार?”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. माउलींची पालखी नीरेचं स्नान उरकून सातारा जिल्ह्यात शिरते ती लोणंदलाच टेकते, आणि त्या मुक्कामात गावातलं कुठलंच घर घरच्यांचं राहत नाही. आमच्याकडे एक ठरलेली दिंडी नाही, पण दहा-पंधरा माणसं तरी येतातच. भांडी, सतरंज्या, ओली धोतरं. दर वर्षी दिवाण उभा करून भिंतीला लावतात. ट्रंक तर मी कधीच माळ्यावर टाकलेली.

त्या वर्षी पालखी आली ती जुलैच्या पहिल्या आठवड्यात. 11 तारीख तोंडावर, आणि एका गिऱ्हाइकाच्या हिशेबात गोंधळ. पालखीतळावरचा गलका घरापर्यंत येत होता. मामा पडवीत बसून येणाऱ्याला पाणी देत होते. दोन तरुण वारकरी आत आले, टेबलाकडे बघून म्हणाले, “बाबा, हे बाहेर काढू का? चारजण झोपतील.”

मामा म्हणाले, “ते हालत नाही.”

“आम्ही दोघं उचलतो की.”

“हालत नाही म्हटलं ना. मशीन आहे ती.”

रात्री साडेदहाला खोलीभर माणसं आडवी झालेली. मी दिव्याला वर्तमानपत्राची टोपी करून बसले होते. टेबलाच्या पायाशी परभणीकडची एक आजी भिंतीला टेकून बसली होती, तुळस उशाशी. तळवे सुजलेले. तिनं लोखंडी पायट्यावर हळूच पाय ठेवले आणि पुढं-मागं हलवायला लागली. थंड लागत असेल. करकर आवाज यायला लागला तशी आतल्या खोलीत आत्या कूस बदलल्याचं ऐकू आलं.

आजीनं वर बघितलं. “काय शिवायलीस माय, इतक्या रात्री?”

“हिशेब,” मी म्हणाले.

“शिव मग, शिव,” ती म्हणाली आणि पाय हलवत राहिली. “मी हाय इथंच.”